आईचा ईजीएफआर ४९, ३३ की ६१? तीन आकडे आलेत, खरा कुठला धरायचा

माणदेशी_७७

मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आई ६८ वर्षांची, उंची १५० सेंटिमीटर, वजन ४६ किलो, माळकरी आहे त्यामुळे मटण-अंडं घरात नाही. शुगर १४ वर्षं झाली, बीपी त्याच्या मागोमाग आलं. मागच्या महिन्यात पायाला सूज वाटली म्हणून गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी बाहेर टाकते) १.२ आलं. रिपोर्टवर नॉर्मल रेंज ०.६ ते १.२ छापलेली, त्यामुळे आकडा ठळक पण केलेला नव्हता, मी म्हटलं सुटलो. पण त्याच्याच खाली बारीक अक्षरात ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिली गाळते तो आकडा) ४९, स्टेज ३ए असं होतं. म्हणजे एकाच कागदावर वरची ओळ म्हणते सगळं ठीक आणि खालची म्हणते किडनी निम्म्यावर आली.

मग मिरजेला किडनीवाल्या डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या ज्युनिअर मॅडमनी मोबाईलवर वय-वजन टाकून ३३ काढला, म्हणाल्या गोळ्यांच्या डोससाठी हा बघतो. वर २४ तासांची लघवी जमा करायला सांगितली, त्याचा रिपोर्ट आला क्रिएटिनिन क्लिअरन्स ६१. आता ४९ आहे का ३३ आहे का ६१ आहे? मोठे डॉक्टर पुढच्या भेटीत सांगतो म्हणालेत, ती भेट तीन आठवड्यांनी. तोवर आई रोज विचारते "किती टक्के राहिलीय रे" आणि मी रोज वेगळा आकडा सांगतोय.

त्यात मोठा भाऊ बर्मिंगहॅमला असतो. त्याने फोनवर सांगितलं की माझं क्रिएटिनिन ९२ आहे आणि डॉक्टर नॉर्मल म्हणतात, आईचं १.२ म्हणजे काहीच नाही, उगाच घाबरवतात तुम्हाला तिकडचे डॉक्टर. हे कसं काय तेही कुणी सांगा.

२४ तासांच्या रिपोर्टमधलं जसंच्या तसं देतो: एकूण लघवी २१०० मिली, लघवीतलं क्रिएटिनिन ५० मिग्रॅ/डेसीलिटर, २४ तासांत एकूण १०५० मिग्रॅ, क्लिअरन्स ६१. सोनोग्राफी पण झालीय, दोन्ही किडन्या साधारण ९ सेंटिमीटर, बाकी ठीक लिहिलंय.

गोखरू_प्रेमी

दादा १.२ नॉर्मलच आहे, लॅबनेच रेंज दिलीय ना, मग कशाला डोकं लावताय. हे ईजीएफआर वगैरे आजकाल काढलेलं खूळ आहे. आमच्या मामांचं युरिया ४८ होतं, सहा आठवडे गोखरूचा काढा दिला, २२ वर आलं, डॉक्टर पण बघत बसले. सांगतो तुम्हाला कसा करायचा.

पिपेट

१६ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचं काही विचारू नका, पण कागदावरचे आकडे कुठून येतात ते सांगू शकतो.

आधी भावाचं, ते सोपं आहे. इंग्लंडात क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये लिहितात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. आपल्या आकड्याला ८८.४ ने गुणा. आईचं १.२ म्हणजे तिकडचं १०६. ६८ वर्षांच्या ४६ किलोच्या बाईचं १०६ आलं असतं तर त्याचाच डॉक्टर खुर्चीत सावरून बसला असता, सांगा त्याला.

आता २४ तासांचा रिपोर्ट. मला तो बघूनच शंका आली. क्रिएटिनिन हे स्नायूंमधून रोज जवळपास ठरलेल्या हिशोबाने बाहेर पडतं, बाईमाणसाचं किलोमागे दिवसाला साधारण १५ ते २० मिग्रॅ, पुरुषाचं २० ते २५, आणि म्हातारपणी स्नायू झडतात तसं त्याहून कमी. तुमच्या आईचं १०५० भागिले ४६ केलं की २२.८ येतं. हे तरुण पुरुषाचं माप झालं. ६८ वर्षांच्या माळकरी आजीचं कसं येईल? म्हणजे कॅनमध्ये २४ तासांपेक्षा जास्त लघवी गेलीय. मला फक्त एवढं सांगा, पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी कॅनमध्ये घातली होती का?

आणि गोखरूवाले, राग मानू नका, पण मामांचे दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे होते का? दुसऱ्यावर युरिया लिहिलंय का बीयूएन? कारण बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, युरियाला २.१४ ने भागलं की तो येतो. ४८ भागिले २.१४ करून बघा.

माणदेशी_७७

पिपेट साहेब तुम्ही काय सीसीटीव्ही लावलाय का आमच्याकडे? आत्ता आईला विचारलं. ती काकड्याला जाते म्हणून चारला उठते. चारची पहिली कॅनमध्ये घातली, दिवसभराची घातली, आणि दुसऱ्या दिवशी चारची पण घातली. वर म्हणते "सांडायची कशाला, तपासायलाच मागितलीय ना". लॅबवाल्या पोराने पांढरा पाच लिटरचा कॅन हातात दिला आणि २४ तासांची आणा एवढंच म्हणाला, बाकी काही सांगितलं नाही.

पिपेट

झालं. दहातल्या निम्म्या कॅनची हीच गोष्ट असते. पहिल्या सकाळची लघवी संडासात सोडून द्यायची आणि तिथून घड्याळ चालू करायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची मात्र कॅनमध्ये घ्यायची. तुमच्याकडे दोन रात्रींची लघवी एका दिवसात मोजली गेली, म्हणून आकडा फुगला. उलटंही होतं बरं का, लग्नाला गेले, एसटी स्टँडवर गेले, तिथली राहिली, की क्लिअरन्स खाली येतो आणि घरात रडारड. हिशोब अगदी सरळ आहे: लघवीतून दिवसभरात किती क्रिएटिनिन गेलं भागिले रक्तात किती आहे, त्याला दिवसाच्या १४४० मिनिटांनी भागायचं. १.२ मिग्रॅ/डेसीलिटर म्हणजे मिलीला ०.०१२, गुणिले १४४० बरोबर १७.२८. १०५० भागिले १७.२८ म्हणजे तुमचे ते ६१. गणित बरोबर आहे, कॅन चुकलाय.

आणि समजा कॅन अगदी बरोबर जमा केला तरी ही टेस्ट किडनीला थोडं जास्तच मार्क देते, कारण काही क्रिएटिनिन गाळणीतून न येता पुढच्या नळ्यांमधून थेट लघवीत टाकलं जातं. किडनी जितकी खराब तितका हा फरक मोठा.

गोखरू_प्रेमी

रिपोर्ट काढून बघितला. दुसरा जिल्ह्याच्या लॅबचा आहे आणि त्याच्यावर बीयूएन लिहिलंय. २२.४ येतं भागून. 😐

काढा मात्र पोटाला चांगला असतो.

पिपेट

असूद्या हो, मामांचं क्रिएटिनिन एकदा बघून घ्या फक्त. युरिया तसाही किडनीपुरता नसतो, पाणी कमी प्यायलं, जुलाब झाले, पोटात रक्तस्राव झाला, डाळ-मटण जास्त झालं तरी वाढतो.

एकच_किडनी

मी धाकट्या भावाला २०१७ मध्ये किडनी दिली, त्यामुळे ही सगळी मापं स्वतःच्या अंगावर घेतलीत. डोनरला नुसत्या ईजीएफआरवर सोडत नाहीत, माझी डीटीपीए स्कॅन झाली. आधी अर्धा लिटर पाणी प्यायला लावतात, मग टेबलावर उताणं झोपवून हाताच्या शिरेतून टेक्नेशियमवालं औषध सोडतात आणि पाठीखालचा कॅमेरा किडनीत ते कसं पोचतं न कसं बाहेर पडतं ते मोजत राहतो. मध्ये लघवीचं इंजेक्शन देतात तेव्हा खरी परीक्षा असते, हलायचं नाही आणि लागलेली असते. अर्ध्या तासात काम झालं. माझा एकूण ९६ आला, डावी ४७ आणि उजवी ४९. डावी काढली, तिची शीर लांब असते म्हणून सर्जनला जोडायला बरी पडते म्हणे.

माणदेशी, तुम्हाला कुणी म्हणेल की डीटीपीए करून टाका, एकदाच खरा आकडा कळेल. मी पण तेच समजत होतो, पण माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावी-उजवीची वाटणी कळायला ती उत्तम, एकूण आकड्याला कॅमेऱ्याची पद्धत तितकी पक्की नाही, कारण किडनी पाठीपासून किती खोल आहे ते उंची-वजनावरून धरून चालतात. औषध दिल्यावर काही तासांनी रक्ताचे सॅम्पल काढून हिशोब करतात ती पद्धत जास्त नेमकी, पण ती सगळीकडे होत नाही. आईच्या बाबतीत एक किडनी काढायची नाहीये ना, मग कशाला त्या खर्चात पडता.

आणि मजा सांगतो, आता माझा ईजीएफआर ६४ आहे. इन्शुरन्सवाल्याने कागद बघितला की त्याचा चेहरा पडतो. मी ठणठणीत, रोज सहा किलोमीटर चालतो.

बारबेल_कोथरूड

मध्येच घुसतो, पण माझी केस बरोबर उलटी आहे म्हणून लिहितो. वय २८, वजन ८८, चार वर्षं जिम, क्रिएटिन पावडर चालू. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ७०. आईने देव पाण्यात ठेवले. नेफ्रोकडे, म्हणजे किडनीवाल्या डॉक्टरांकडे, गेलो तर त्यांनी आधी दंडाकडे बघितलं आणि मग कागदाकडे. सिस्टॅटिन सी नावाची रक्ताची दुसरी तपासणी करायला सांगितली, ०.८५ आलं, त्यावरून ईजीएफआर ११०. लघवीत प्रोटीन नाही. म्हणाले पावडर बंद कर, तपासणीच्या आदल्या रात्री मटण खाऊ नको आणि दोन महिन्यांनी परत दाखव. आदल्या रात्री आम्ही सगळे तांबडा-पांढरा ओरपून आलो होतो हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच विचारलं.

निशाचर_डॉक

नाइट ड्युटीवर आहे, जरा निवांत मिळाला म्हणून बसलोय, मध्येच उठावं लागलं तर तुटक होईल. नेफ्रोलॉजीत शिकतोय. इथे सल्ला देत नाही, आकड्यांचा गुंता सोडवतो.

बारबेल आणि माणदेशींची आई ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ज्याचे स्नायू जास्त, मांस जास्त, त्याचं किडनी चांगली असून वाढलेलं दिसतं. ज्याचे कमी, शाकाहारी, म्हातारं, बारीक, त्याचं किडनी घसरली तरी आकडा सभ्य दिसतो. लॅबची ०.६ ते १.२ ही रेंज सगळ्यांना एकच शर्ट शिवल्यासारखी आहे. माणदेशी, आईचा जुना एखादा रिपोर्ट सापडतो का बघा. समजा पूर्वी ०.७ असेल आणि आता १.२, तर दोन्ही वेळा लॅब म्हणणार नॉर्मल, आणि मधल्या काळात गाळण्याचं काम निम्म्यावर आलेलं असणार.

४९ कुठून आला: हल्ली बऱ्याच लॅब सीकेडी-ईपीआय चं २०२१ चं सूत्र वापरतात, त्यात फक्त क्रिएटिनिन, वय आणि स्त्री का पुरुष एवढंच जातं. (त्याआधीच्या २००९ च्या सूत्रात अमेरिकेतल्या काळ्या लोकांसाठी वेगळा गुणक होता, तो वाद होऊन काढला.) मी आत्ता लावून बघितलं, ६८ वर्षं, बाई, १.२, बरोबर ४९ येतो. पण हे "१.७३ चौरस मीटर अंग असलेल्या माणसाच्या हिशोबाने ४९" आहे, कागदावर मिली/मिनिटच्या पुढे ते बारीक लिहिलेलं असतं आणि कुणीच वाचत नाही. तुमच्या आईचं अंग १५० सेंटिमीटर-४६ किलोला साधारण १.३८ चौरस मीटर भरतं. ४९ ला १.३८ ने गुणून १.७३ ने भागा, ३९ उरले. म्हणजे तिच्या किडन्या मिनिटाला प्रत्यक्ष ३९ मिलीच्या आसपास गाळतात असं हे सूत्र म्हणतंय, ४९ नाही.

३३ कुठून आला: ते कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट, १९७६ चं. १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि बाईसाठी गुणिले ०.८५. यात अंगाच्या मापाची भानगड नाही, सरळ मिली/मिनिट. जुनं आहे, पण कितीतरी औषधांचे डोस, रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या धरून, याच सूत्रावर तपासलेले आहेत, म्हणून मॅडमनी ते काढलं. म्हणजे ४९ आणि ३३ ची तुलना करण्याऐवजी ३९ आणि ३३ ची करा. घाबरवणारी दरी निम्म्याहून जास्त बुजली. ६१ चा निकाल पिपेटनी आधीच लावलाय, मी त्यांच्या बाजूने.

आता यातली न सांगितली जाणारी गोष्ट. "ई" म्हणजे एस्टिमेट, अंदाज. चांगल्यातलं चांगलं सूत्रसुद्धा दहातल्या साडेआठ-नऊ माणसांत खऱ्या मापाच्या ३० टक्के इकडे-तिकडे येतं, उरलेल्यांत त्याहून लांब. आणि ही सूत्रं मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या लोकांवर बांधलेली. चंदीगडच्या पीजीआयने इन्युलिन वापरून आपल्याकडच्या माणसांचा खरा जीएफआर मोजला होता, २०१८ मध्ये छापून आलं, आणि त्यात क्रिएटिनिनवरची चालू सूत्रं सगळी किडनीला जास्त मार्क देताना सापडली. इन्युलिन म्हणजे इन्सुलिन नाही हां, ती एक साखरेच्या जातीतली वस्तू आहे, किडनी ती फक्त गाळते, परत शोषत नाही आणि वरून घालतही नाही, म्हणून ते माप सगळ्यात प्रामाणिक. पण त्याला सलाइन लावून ठराविक वेळाने रक्त-लघवी घ्यावी लागते, संशोधनाबाहेर कोण करणार.

म्हणून तुमच्या आईसारख्या केसमध्ये आम्ही सिस्टॅटिन सी मागतो. शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी ते बनवतात, स्नायूंवर अवलंबून नाही. त्यालाही खोडी आहेत, स्टिरॉइड चालू असेल, थायरॉइड बिघडलेलं असेल, सिगारेट, लठ्ठपणा, अंगात कुठे जुनी सूज असेल तर आकडा हलतो. म्हणून क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही टाकून जे सूत्र आहे ते एकेकट्यापेक्षा नेमकं ठरतं. केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्येही त्यावर जोर आहे.

आणि माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. इतक्या टेस्ट झाल्या, लघवीचं एसीआर कुणी केलं का? शुगर १४ वर्षं आहे हो! सकाळच्या पहिल्या लघवीचं छोटं सॅम्पल, त्यात अल्ब्युमिन किती आणि क्रिएटिनिन किती याचं गुणोत्तर. कॅन नको, काही नको. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० मधलं, ३०० च्या वर जास्त. गाळणी किती वेगाने चालते ते जीएफआर सांगतो, गाळणीला भोकं पडलीत का ते एसीआर सांगतं. ईजीएफआर ४९ असलेल्या दोन बायकांत एकीचं एसीआर १० आणि दुसरीचं ८०० असेल तर त्या दोघींचं पुढचं आयुष्य एकसारखं नसतं. हे आपल्याकडे सगळ्यात जास्त विसरलं जातं, मला चीड येते खरंच, क्रिएटिनिन दर महिन्याला करतील पण हे नाही. ताप, लघवीचं इन्फेक्शन, खूप चालणं झालेलं असेल त्या दिवशी मात्र देऊ नका.

पायाची सूज: बीपीला अॅम्लोडिपिन चालू आहे का? ती गोळी किडनी ठणठणीत असली तरी पाय सुजवते. आलो, बेल वाजतेय.

पिपेट

डॉक्टर बोलले त्यात आमच्या खात्यातलं थोडं घालतो. क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक जॅफेची, १८८६ पासूनची, पिक्रिक अॅसिड घातलं की नारिंगी-लाल रंग येतो आणि मशीन तो रंग मोजतं. स्वस्त आहे म्हणून बऱ्याच लॅब तीच चालवतात, पण खूप वाढलेली साखर, कीटोन, कावीळ असलं की रंगात गडबड होते. दुसरी एन्झायमवाली, महाग पण साफ. तुमच्या आईच्या आकड्यांना ०.१ चा फरक म्हणजे काय असतो बघा, १.२ ला ४९ येतो आणि १.३ ला ४५. म्हणजे लॅब बदलली, पद्धत बदलली तर नुसत्या रंगावर आकडा स्टेज बदलायच्या काठावर जाईल. मी तरी सांगेन की एक लॅब धरा, तिथेच करा आणि प्रत्येक कागद फाइलला लावा. सकाळी पाणी पिऊन या, डिहायड्रेशन झालेल्या माणसाचं सॅम्पल घ्यायला मला आवडत नाही.

माणदेशी_७७

निशाचर डॉक्टर, लोखंडी पेटी उपसली. नऊ वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा कागद सापडला, क्रिएटिनिन ०.७!! तुम्ही अंधारात बाण मारला तो बरोबर बसला. मधले कागद गेले, पण यंदा मार्चमध्ये शुगरच्या चेकअपचा एक आहे, १.१. आणि हो, अॅम्लोडिपिन चालू आहे, दिवाळीपासून डोस वाढवलाय, सूज त्यानंतरच आलीय असं आता आठवतंय. एसीआर कुणी सांगितलं नव्हतं, उद्या करतो. सिस्टॅटिन तालुक्याला होत नाही, सॅम्पल पुण्याला पाठवतात म्हणाले.

पेटीत कागद शोधताना आईच्या लग्नातली पत्रिका पण सापडली, तासभर त्यातच गेला.

निशाचर_डॉक

०.७ ला तेव्हाच्या ५९ वयाचा ईजीएफआर १०० येतो. मार्चच्या १.१ ला ५५. आणि आता ४९. किडनीचा जुना आजार म्हणायला किमान तीन महिने बिघाड टिकलेला असावा लागतो, एका कागदावर शिक्का मारायचा नसतो, तुमच्याकडे आता दोन कागद झाले. चाळिशीनंतर वयाने साधारण वर्षाला एखादा पॉइंट जातो, नऊ वर्षांत ५० जाणं वयाच्या खात्यात टाकता येत नाही. हे सगळे कागद तारखेवार लावून डॉक्टरांपुढे ठेवा, तुमच्या तीन आकड्यांपेक्षा ही उतरंड त्यांना जास्त कामाची आहे.

सोनोग्राफीचं राहिलं. ती आकार आणि अडथळा दाखवते, काम किती होतंय ते नाही. शुगरवाल्यांच्या किडन्या काम कमी झालं तरी बरेच दिवस दिसायला चांगल्या असतात.

एकच_किडनी

आईला "टक्के" सांगणं थांबवा हो. माझा ६४ आहे म्हणून मी ६४ टक्के माणूस आहे का? आमच्या वॉर्डात एक काका रोज सकाळी सिस्टरला "आज किती टक्के" विचारायचे, बीपी त्यानेच वाढायचं त्यांचं.

माणदेशी_७७

महिन्याभराने येतोय, मध्ये ज्वारीची काढणी होती. अपडेट देतो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

२४ तासांची लघवी परत केली, आईला मोबाईलवर पहाटे चारचा गजर लावून दिला आणि कॅनवर खडूने लिहिलं "पहिली सोडायची". यावेळी १७५० मिली, क्रिएटिनिन ४२, एकूण ७३५ मिग्रॅ. किलोमागे १६ बसलं, पिपेट साहेब पास करतील. रक्तातलं तेच १.२. क्लिअरन्स ६१ वरून ४३ वर आला. सिस्टॅटिन सी १.६ आलं, त्या एकट्याने ईजीएफआर ३८, दोन्ही मिळून ४३. एसीआर २१०. डॉक्टरांनी कागदावर जी३बी ए२ (ईजीएफआर ३० ते ४४ मध्ये, एसीआर ३० ते ३०० मध्ये) असं लिहिलं आणि म्हणाले इथून पुढे हे धरून चालू.

त्यांनी बदललं ते असं: शुगरची मेटफॉर्मिन दोन ग्रॅम होती ती एक ग्रॅमवर आणली, ४५ च्या खाली तसं करतात म्हणाले, ३० च्या खाली गेलं तर पूर्ण बंद. अॅम्लोडिपिन कमी केली आणि टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी चालू केली, एसीआर खाली आणायला. आणि मला आधीच बजावून ठेवलं की या गोळीने पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडं वर जाईल, ३० टक्क्यांपर्यंत चालतं, घाबरून गोळी बंद करायची नाही, तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दाखवा. आईच्या गुडघ्याची दुखणीची गोळी मात्र किडनीला बाधते म्हणून हातातून काढून घेतली, आई ती मेडिकलमधून परस्पर आणून घ्यायची, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

पायाची सूज आठ-दहा दिवसांत उतरली. भावाला १०६ चा आकडा पाठवला, त्याचा फोन आला, म्हणे मे मध्ये तिकीट काढतोय.

निशाचर_डॉक

उत्तम. बघा, क्रिएटिनिनने ४९ दाखवला आणि सिस्टॅटिनने ३८, बारीक माळकरी बाईकडून हेच अपेक्षित होतं. तीन आठवड्यांच्या तपासणीत पोटॅशियम विसरू नका, नव्या गोळीने ते वाढू शकतं, आणि शहाळ्यातही ते बरंच असतं, म्हणून आईला शहाळं आवडत असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

गोखरू_प्रेमी

मामांचं क्रिएटिनिन केलं. २.१ आलं. वय ७१. एसीआर उद्या मिळेल. निशाचर डॉक्टर, पुण्यात रविवारी किडनीवाले कुठे बसतात का?